नातेवाईक : कोणी नाही

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कुठे पकडला, कोणी कबुली दिली, हे विचारलं तर मी गोंधळतो. ही एक घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते, आणि तिच्यात शिक्षा कोणालाच झाली नाही.

माझे वडील डॉक्टर. नागपूरहून ते नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात आले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पुढे मी पोलिसांत गेलो, ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर मी लंडनजवळच्या रीडिंग शहरात एका पोलीस स्टेशनला डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. इथे मी कोणाचंही नाव लिहीत नाही. एक तर ती जुनी सवय आहे. आणि ज्याची ही हकीकत आहे त्याच्या समाजात मेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, हे मला नंतर कळलं.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. सकाळी एका बाईचा फोन आला, की वरच्या फ्लॅटमधला माणूस दार उघडत नाही. कॉन्स्टेबलने जाऊन दार तोडलं आणि मला बोलावून घेतलं. पन्नाशीचा माणूस खुर्चीशेजारी पडला होता. काळासावळा, दाट कुरळे केस, कपाळावर जखम. झटापटीची खूण नव्हती. ड्रॉवरमध्ये ब्रिटिश पासपोर्ट होता, नाव पूर्ण इंग्रजी. जन्मस्थळाच्या जागी ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या गावाचं नाव होतं.

फोन करणारी खालच्या मजल्यावरची, पुण्याची मुलगी. नवरा शेजारच्या ब्रॅकनेलला आयटीत, हिच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ. माझं आडनाव वाचून ती मराठीत बोलायला लागली.

“काका, मला वाटत होतं मी उगाच कॉल करतेय. पण सकाळी सहाला त्यांचा रेडिओ लागतोच. काल नाही, आज नाही. आणि शनिवारी दुपारी त्यांच्याकडे कोणीतरी आलं होतं. खूप शाउटिंग झालं. एक गोरे आजोबा, सिल्व्हर कार. नंतर पार्किंगमध्ये रडत बसले होते.”

“कोण रडत होते?”

“ते आलेले आजोबा. बराच वेळ.”

मारहाण करून निघालेला माणूस पार्किंगमध्ये बसून राहत नाही, हे तेव्हाच माझ्या मनात आलं. पण मनात येण्यावर तपास चालत नाही. मृत्यू संशयास्पद म्हणून नोंदवला, अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरला कळवलं, शवविच्छेदन मागवलं आणि कॅमेऱ्यांवरून गाडीचा नंबर काढला.

गाडी ब्रॅकनेलच्या एका निवृत्त शाळामास्तरांची निघाली. ते बोलावल्यावर स्वतःहून आले. बोललेलं पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं, ही कायद्याची सूचना मी वाचली, टेप सुरू केली. मृताशी नातं काय, असं विचारलं.

“ओळखीचा होता,” ते म्हणाले.

भांडण कशावरून झालं, शनिवारी का गेलात, यावर ते ‘खासगी आहे’ एवढंच म्हणाले. माझा अनुभव असा, की मोठ्या प्रश्नावर माणूस दार लावून घेतो आणि छोट्या प्रश्नावर बेसावध असतो. मी विचारलं, “त्यांच्या घरात एक जुना रेडिओ आहे. चांगला सांभाळलाय. कोणी दिला असेल?”

ते मग म्हणाले, “मी. त्याच्या दहाव्या वाढदिवसाला.”

त्यानंतर ते थांबले नाहीत. त्यांचे वडील इंजिनिअर, एकोणीसशे साठच्या आसपास धरणाच्या कामावर ऑस्ट्रेलियात होते. “मी तेरा वर्षांचा होतो. एके दिवशी पोलिसांची गाडी आली. तिच्यातून तो उतरला. तीनेक वर्षांचा. एकाच पायात बूट होता. आई म्हणाली, हा आता आपला. कुठून आला हे विचारायचं नाही. मी कधी विचारलं नाही.”

“आणि त्याने?”

“त्याने सतत विचारलं. आई सांगायची, तुझे लोक गेले.”

पुढचं त्यांनी घरी नेऊन दाखवलं. जिन्याखालच्या कपाटात, सुपरमार्केटच्या पिशवीत अकरा पत्रं होती. सगळी मृताच्या नावाची, मास्तरांच्या आईवडिलांच्या इंग्लंडमधल्या पत्त्यावर आलेली, नऊ वर्षांत. पाठवणारी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची एक गावपातळीवरची संस्था. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारने एकेकाळी आयांपासून तोडून नेली होती. ही माणसं त्यांचा माग काढत होती. तुमची आई जिवंत आहे, असं पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मास्तरांच्या आईने मरताना त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की ही पत्रं द्यायची नाहीत. शेवटच्या पत्रात त्याची खरी आई आजारी असल्याचं आलं आणि त्यांना राहवलं नाही. तेच एक पत्र दाखवायला ते शनिवारी गेले होते, आणि भांडणानंतर परत घेऊन आले होते.

शवविच्छेदनाचा अहवाल आला. हृदय बंद पडलं होतं. कपाळाची जखम पडताना झालेली. दुसऱ्याचं टपाल अडवणं हा गुन्हा आहे, म्हणून मी तेवढी फाईल सरकारी वकिलांकडे पाठवली. खटला भरण्यात जनहित नाही, असा शेरा मारून ती परत आली.

पत्रावरच्या नंबरवर मी फोन केला. एका वयस्कर बाईने उचलला. इंग्लंडमधून पोलीस बोलतोय, एवढंच मी सांगितलं.

“गेला का तो?” त्यांनी विचारलं. “पोलीस आम्हाला दुसऱ्या कशासाठी फोन करत नाहीत.”

तीन आठवड्यांनी त्या आल्या. बरोबर साठीचे एक गृहस्थ होते, जे स्वतः लहानपणी असेच नेले गेले होते. त्यांच्यात वडीलधाऱ्यांना सगळेच आंटी आणि अंकल म्हणतात. मीही तसंच म्हणायला लागलो. मला ते अवघड गेलं नाही. आंटींचा भाचा पोलीस कोठडीत मेला होता. त्यानंतर खटपट करून आंटी आपल्या गावातल्या कोर्टात मॅजिस्ट्रेटच्या शेजारी बसायला लागल्या. त्यांच्या समाजातल्या एखाद्याला शिक्षा सुनावण्याआधी तो, त्याने ज्याचं नुकसान केलं तो, दोघांचे घरचे आणि पोलीस अशा सगळ्यांना त्या समोरासमोर बसवायच्या. हे मान्य करून घ्यायला त्यांना वीस वर्षं लागली होती.

इथे प्रश्न मृतदेहाचा होता. मास्तरांना रीडिंगलाच दहन करायचं होतं. आपणच भाऊ, असं त्यांचं म्हणणं. पण दत्तकविधीचा कागद कुठेच सापडला नाही. आंटी मला म्हणाल्या, “वकील नको. एक खोली द्या. जो जो त्याच्या वाटेत आला, त्याला बोलवा.”

वरिष्ठांनी नाइलाजाने परवानगी दिली. सकाळी नऊ वाजता स्टेशनच्या भेटीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या. आंटी, अंकल, मास्तर, बाळाला घेऊन आलेली ती पुण्याची मुलगी आणि मी. प्रत्येकाने आपण काय केलं तेवढंच सांगायचं, का केलं ते नाही, असा आंटींचा नियम होता.

मास्तरांनी पत्रांचं सांगितलं. मुलीने सांगितलं, की रविवारी वरून काहीतरी पडल्याचा आवाज तिने ऐकला होता आणि ती वर गेली नव्हती. अंकल तिच्या बाळाकडे बघत होते. मग आंटी माझ्याकडे वळल्या.

“आणि तुम्ही?”

मी तपास अधिकारी होतो. मला सांगायचं काही नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण आदल्या आठवड्यात मी आमच्या जुन्या नोंदी काढल्या होत्या. चार वर्षांपूर्वी हा माणूस दुपारी रेल्वे स्टेशनवर दारू पिऊन रडत बसलेला सापडला होता. त्याला कोठडीत आणलं तेव्हा ड्यूटीवरचा सार्जंट मी होतो. चेहरा मला आठवत नव्हता. अक्षर माझं होतं.

मी ती नोंद वाचून दाखवली. “जवळचे नातेवाईक, असा रकाना आहे. तो म्हणाला होता, माझी आई कोण हे मला माहीत नाही. मी लिहिलं, कोणी नाही. आणि पुढच्या रकान्याकडे गेलो.”

आंटींचा आवाज चढला नाही. “लहानपणी त्याला ज्या पोलिसाने उचललं, त्यानेही एक ओळ लिहिली होती. आमच्याकडे तिची प्रत आहे. ‘आईची हरकत नाही.’ तिला लिहिता येत नव्हतं. ती गाडीमागे धावत होती.”

मास्तर रडायला लागले. त्यांनी माफी मागितली.

“माफ करायला मी आलेली नाही,” आंटी म्हणाल्या. “ते माझ्या हातात नाही. पत्रं कुठे होती, हे तुम्ही त्याच्या आईला सांगायचं. तुमच्या तोंडाने. आत्ता.”

ऑस्ट्रेलियात तेव्हा संध्याकाळ होती. अंकलनी फोन लावून मास्तरांच्या हातात दिला. मास्तर काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. बोलून झाल्यावर, फोन चालू ठेवूनच, त्यांनी कॉरोनरच्या फॉर्मवर सही केली, मृतदेहावर आपला दावा नाही म्हणून. मग त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. “त्यांना पोलिसांशी बोलायचंय.”

आवाज फार बारीक होता. त्या म्हातारीने मला एकच विचारलं. “माझा मुलगा हसायचा का?”

माझ्याकडे दोन जाड फायली होत्या. उंची, वजन, हृदयाचा आकार, शेवटचं जेवण, सगळं होतं त्यांच्यात. मी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, कोणी त्याला हसताना पाहिलंय का. मास्तरांनी मान खाली घातली. ती मुलगी म्हणाली,

“एकदा, काका. जिन्यात बाळ शिंकलं तेव्हा. म्हणजे मोठ्याने नाही. पण हसले होते.”

मी ते सांगितलं. पलीकडून म्हातारी म्हणाली, “बरं.” आणि फोन कोणीतरी दुसऱ्याने घेतला.

मृतदेह पुढच्या आठवड्यात विमानाने गेला. महिनाभराने आंटींचा फोन आला. दफन झालं होतं. त्यांनी आग्रह धरल्यामुळे तिथला पोलीस सार्जंटही इतरांबरोबर खड्डा खणायला उतरला होता. आई खुर्चीवर बसून बघत होती. पावसाळी कपडे घालून सगळे उभे होते, एवढंही त्यांनी सांगितलं. तिथल्या हिवाळ्याआधी, म्हणजे जूनच्या आत, आईही गेली.

निवृत्तीपर्यंत माझी आणखी सात वर्षं राहिली होती. नव्या कॉन्स्टेबलांना मी सांगत असे, की माणूस ‘माहीत नाही’ म्हणाला तर ‘माहीत नाही’ असंच लिहा. ‘नाही’ लिहू नका. या दोन शब्दांतला फरक मला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर कळला. चार वर्षं आधी कळला असता तर मी त्याला एक प्रश्न जास्त विचारला असता, आणि एखाद्या दुपारी त्या अकरांपैकी एक पत्र शोधून काढलं असतं. तेव्हा त्याची आई चालती-फिरती होती.