शेंदराखालचा दांडा

आमच्याकडे चाकांवरची एक खोली होती. सासऱ्यांनी केलेली. त्यांना बैलगाड्यांच्या शर्यतींचा भारी नाद. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की जुन्नर-आंबेगावातला शर्यतीचा एकही घाट सुटायचा नाही, आणि रात्री दुसऱ्याच्या ओसरीवर झोपायचं म्हणजे मानपानाची भानगड. म्हणून त्यांनी भंगारातून जीपचा आस आणला, त्यावर लोखंडी सांगाडा उभा केला, वरून पत्रा मारला, आत दोन माणसं आडवी होतील एवढी फळी ठोकली. एक दार, फळीच्या उंचीला एक खिडकी. जीपच्या मागे जोडायची आणि निघायचं. आमच्या पिंपरी पेंढारात लोक तिला म्हाताऱ्याचा बंगला म्हणायचे. मी जुन्नरच्या बाजारपेठेतली. लग्न होऊन आले तेव्हा मला ते कोंबड्यांचं खुराडं वाटलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

दर वेळी निघताना नारळ फुटायचा तो दांड्यावर. दांडा म्हणजे खोलीच्या पुढचा लोखंडी खांब, ज्याचा हूक जीपला अडकतो. तो सांगाड्याला जिथे जोडला होता, बरोबर त्याच जागी नारळ आपटायचा. मग हळद-कुंकू, दसऱ्याला शेंदूर आणि तेल. सासरे गेल्यावर आता नारळ कुणी फोडायचा, असा प्रश्न कुणी काढायच्या आत सासूबाईंनी तो फोडून टाकला होता. बाईने नारळ फोडायचा नसतो, त्यात विधवेने तर नाहीच, अशी भावकीत कुजबुज झाली. सासूबाईंनी ती ऐकलीच नाही. एरवी घरातल्या कुठल्याही पूजेला त्या आपणहून मागे सरकून बसायच्या. ह्या एका जागी मात्र पुढे.

मग त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, पुण्याला नेऊन आत सळई घातली, पण बसलं की कळ यायची ती काही गेली नाही. झोपून ठीक, बसून नाही. त्यांचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडनदीच्या काठी. तिथे त्यांचा एकुलता एक भाऊ, तोही अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. त्याला येता येईना, हिला जाता येईना. दोन हजार साल उलटून गेलं होतं, घरात फोन आला होता, पण भावाची जीभ जड झालेली, फोनवर त्याचं बोलणं कळायचं नाही. सासूबाई रिसीव्हर कानाला लावून नुसत्या "हां, हां" करायच्या आणि फोन ठेवल्यावर दिवसभर कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

चैत्र जवळ आला तसं त्यांनी तोंड उघडलं. "जत्रंला मला भावाकडं न्या."

नवरा म्हणाला, "अँब्युलन्स सांगतो."

"मढं हाये का मी? त्या खोलीतून न्या. फळीवर पडून जाते."

खोली कितीतरी दिवस गोठ्यामागे उभी होती. टायर तडकलेले, छपराला भोकं, आत गांधीलमाश्यांचं पोळं. नवऱ्याला असली कामं मेस्त्रीकडे द्यायला जिवावर येतं, सगळं आपल्या हाताने झालं पाहिजे. मग काय, मीही जुंपले गेले. चाकं उतरवून बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली, नवीन ग्रीस भरलं. छपराच्या भोकांवर पोत्याचे तुकडे डांबरात भिजवून बसवले. खिडकीची काच खुळखुळायची, तिला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली. सासूबाई अंगणात खाटेवर पडून हुकूम सोडत होत्या. "आरं, त्यो नट उलटा फिरवतूस का काय!" एकूण घरात बरं चाललं होतं.

शेवटी दांडा राहिला. मी तारेचा ब्रश घेऊन जोडावरचा शेंदूर खरवडायला घेतला.

"अगं ए! देव खरवडतीस व्हय?" सासूबाई खाटेवरून ओरडल्या.

"आई, रंग द्यायचाय. खाली काय आहे बघू तरी."

शेंदराचा थर बोटभर जाड. त्यात नारळाच्या शेंड्या, उदबत्तीची राख, तेल. तो निघाला आणि खालून लोखंड पापडासारखं सुटून हातात आलं. जोडाला अर्ध्याहून जास्त चीर. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घातलं, ते आरपार गेलं.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. जुनं झालंय."

"मला येडी समजू नगं. नारळाचं पाणी मुरलंय त्यात. माझ्या हातचं." मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. नाय जायचं मला. वाटंत तुटलं तर तुमी दोघं बी जायचा."

मला रागच आला. इतके दिवस डांबरात हात घालून बसले ते काय हौस म्हणून? मी म्हटलं, "आई, इतकी वर्षं सगळ्या खोलीला आपण रंग दिला, ग्रीस दिलं. तेवढ्या एका जागेला कुणी हात लावला नाही, देव म्हणून. तुमचं एकटीचं काय त्यात? आम्हीही नमस्कारच करत होतो." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

नवऱ्याने आळेफाट्यावरून वेल्डिंगचं मशीन आणलं. लाइट असेल तेवढ्या वेळात कुजलेला भाग कापला, दोन्ही बाजूंनी जाड प्लेटा जोडल्या. मग खोलीत कांद्याच्या गोण्या ठासून भरल्या आणि फाट्यापर्यंत जाऊन आला, मुद्दाम सगळ्या खड्ड्यांतून. जोडाला काही झालं नाही. सासूबाईंना येऊन सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "कांद्याचं काय, फुटला तरी भजी व्हत्यात."

जत्रेच्या आदल्या दिवशी तो पुन्हा खोलीशी खुडबुडत बसला. जीपच्या स्प्रिंगचा तुटका पाटा घेतला आणि बाहेरच्या बाजूने, खिडकीच्या लगेच खाली, बोल्टांनी आवळून बसवला. आत फळीवर झोपलेल्या माणसाचा हात पोहोचेल असा.

"ह्ये काय आणि?" सासूबाई.

"दांड्यावर आता नारळ न्हाई. फोडायचा तर हितं. पाणी सरळ मातीत जाईल. आणि तू न्हाई फोडलास तर कुणीच फोडायचा न्हाई. ऱ्हाऊ दे खोली हितंच."

त्यांनी मान उचलून पाटा निरखला. मग म्हणाल्या, "नारळ आणलाय का नुसताच पाटा?"

सकाळी त्यांना चादरीत उचलून फळीवर ठेवलं. भावकी जमली होतीच, तमाशा बघायला. खिडकीतून नारळ धरलेला हात बाहेर आला. पहिला घाव, काही नाही. दुसरा, काही नाही. सासूबाईंचे एक चुलतदीर पुढे झाले, "द्या वहिनी इकडं."

हात नारळासकट आत गेला. आतून आवाज आला, "पाय मोडलाय माझा. हात न्हाई."

तिसऱ्या घावाला फुटला.

मंचर मागे टाकून माहेरी पोहोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. भावाच्या घराचं दार अरुंद, पायऱ्या उंच. सासूबाईंना आत नेणं जमेना. मग घरच्यांनी भावाचीच खाट उचलून आणली आणि खोलीला लावून खिडकीखाली ठेवली. ती फळीवर, तो खाटेवर, दोघंही आडवे. तो काहीतरी बोलला. आम्हाला कुणाला कळलं नाही. तिला कळलं.

"व्हय रे," ती म्हणाली, "पडून आले." आणि सकाळी फोडलेल्या नारळाच्या खोबऱ्याचा तुकडा त्याच्यापुढे धरला.

त्याने तोंड उघडून हिरड्या दाखवल्या.

तिने तुकडा परत घेतला, आपल्या दातांनी बारीक केला आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या ओठांवर ठेवला. तो चघळत राहिला. मला रडू यायला लागलं, म्हणून मी दांडा बघायला पुढे गेले. जोड जागच्या जागी होता.