पाऊस सरत नव्हता म्हणून

जांबोटीच्या पलीकडच्या रानातल्या एका लहानशा वाडीत मालू नांदायला आली, तेव्हा जर्मनच्या लढाईला अजून तोंड लागायचं होतं. नवरा रवळू मान खाली घालून राबणारा. घरात शब्द चालायचा तो थोरल्या दिराचा, भरमूचा. आणि तो घरापुरता नव्हता. सगळी वाडी भरमूच्या तोंडाकडं बघायची.

मालूचा बाप गावची गुरं राखायचा. पोरगा नव्हता म्हणून तो मालूलाच बरोबर घेऊन रानात जायचा. शिकवायचं म्हणून त्यानं तिला काही शिकवलं नाही, तो आपला दिवसभर बोलत असे. पावसाचे महिने वारं घाटाखालनं, समुद्राकडनं येतं. मग आश्विनात एखाद्या सकाळी ते पडतं, झाडाचं पान हलत नाही, आणि पुढं उगवतीकडनं कोरडं, गार वारं सुटतं. ते सुटलं की समजायचं, पाऊस गेला. त्याच्या आधी बेडूक गप्प होतात. खाचरांवर चतुर तरंगायला लागतात, गवतावर कोळ्यांची जाळी दवानं पांढरी दिसतात, आणि शेपूट हलवत चालणारा परीट पक्षी कुठनं तरी येऊन बांधावर उतरतो. हे सगळं मालूच्या अंगात मुरलं होतं. सासरीसुद्धा ती चूल पेटवायच्या आधी दारात उभी राहून वारं बघायची. जाऊबाई, भरमूची बायको अक्काताई, तिला हसायची.

तिसऱ्या साली चित्रा नक्षत्रात कडक ऊन पडलं आणि वाडीनं विळे काढले. मालू रवळूला म्हणाली, "अजून वारं फिरलं न्हाय. आण्णास्नी सांगा, थांबा म्हणून."

ते भरमूच्या कानावर गेलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो थांबला. बाकीच्यांनी भात कापून शेतात पसरलं आणि त्यावर दोन दिवस धो धो पाऊस पडला. भरमूचं भात तेवढं उभं होतं म्हणून वाचलं.

तेव्हापासनं लोक विचारायला लागले. विळा हातात घ्यायच्या आधी बायका मालूच्या दारात यायच्या. "मालू, थांबंल का गं?" ती आभाळाकडं बघून सांगायची आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. कुणी नारळ आणून द्यायचं, कुणी काकडी. भरमू चारचौघांत म्हणायचा, "रवळ्याच्या बायकोला इचारा." मालूला ते आवडायला लागलं. आधी ती म्हणायची, "मला असं वाटतंय." हळूहळू ती म्हणायला लागली, "परवा थांबणार."

मग मानमोडीचा ताप आला. घरटी माणूस गेलं. रवळूचे आईबाप एकाच आठवड्यात गेले. जे उरले ते कशालाही भिऊन होते, आणि त्याच्या पुढच्या सालचं भात पोटापाण्याच्या दृष्टीनं फार मोलाचं होतं.

त्या आश्विनात भरमूनं सातेरी देवीच्या देवळासमोर सगळ्यांदेखत तिला विचारलं, "काय मालू, कापू का?"

परीट आला होता. जाळी दिसत होती. पण वारं अजून ठरत नव्हतं. सकाळी उगवतीकडनं यायचं आणि दुपारी परत फिरायचं. तिला म्हणायचं होतं, अजून थोडं बघू. पण सगळी वाडी तिच्याकडं बघत होती, आणि अक्काताईच्या तोंडावर ते जुनंच हसू होतं. मालू म्हणाली, "कापा."

सगळ्यांनी कापलं. भात शेतात आडवं झालं, आणि वारं समुद्राकडं फिरलं. पाऊस लागला तो थांबेचना. पेंढ्या पाण्यात तरंगल्या, लोंब्यांना जागच्या जागी हिरवे कोंब फुटले, खाचरांतनं आंबूस वास सुटला. भरमूची धाकटी पोर दोन वर्षांची होती आणि आधीच अशक्त होती. घरात शिजवायला काही राहिलं नाही तेव्हा तिला जंगलातले कंद उकडून घातले. ते तिला सोसले नाहीत. ती गेली, आणि पाऊस पडतच होता.

पोरीला पुरून आल्यावर भरमू देवळात आला आणि म्हणाला, "जिला पाऊस थांबवता येतोय, तिला आणताबी येतोय."

एवढंच तो बोलला. मालूनं कधीच म्हटलं नव्हतं की ती पाऊस थांबवते. पण तिनं नाहीही कधी म्हटलं नव्हतं. गुरवानं देवीला कौल लावला. ओल्या फुलाच्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. पाकळी पडली. मालूला शिवेपार घालवायचं, आणि नवऱ्यानंच न्यायचं, असं ठरलं.

रोगराई आली की तिला जसं वाजतगाजत वेशीबाहेर नेऊन सोडतात, तसंच मालूला नेलं. तोंडाला चुलीतली राख फासली. डोक्यावर सूप दिलं. त्यात भात, लिंबू आणि झिजलेली केरसुणी. पुढं हलगी वाजत होती. रवळूनं तिला दंडाला धरलं होतं. तिची चार वर्षांची लेक जया दारात रडत होती आणि अक्काताईनं तिला घट्ट धरून ठेवलं होतं.

"अवो, तुमी तरी बोला की," मालू म्हणाली.

रवळू बोलला ओढ्यापाशी, तेही तिच्या कानात. "पाऊस थांबला की घेऊन जातो तुला. तवर गप ऱ्हा."

ओढ्याला कमरेइतकं पाणी होतं. ती पलीकडं गेली. मागं कुणी वळून बघायचं नसतं, म्हणून कुणी बघितलं नाही.

पलीकडं गुराख्यांचं एक मोडकं खोपटं होतं. त्यात ती ओली बसून राहिली. सकाळी उठली तर पान हलत नव्हतं. दिवस वर आला तसं तिच्या तोंडावर गार, कोरडं वारं लागलं, उगवतीकडनं. ढग फाटले. एवढी वर्षं तिनं या वाऱ्याची वाट बघितली होती. आता ती दोन्ही हात जोडून देवीला म्हणाली, "अजून पाड गं. अजून चार दिवस पाड." ऊन पडलं. ओढ्यापलीकडं वाडीत हलगी वाजायला लागली, लोकांचा ओरडा ऐकू आला. मालूनं कान झाकून घेतले.

तिला घालवल्यावर पाऊस थांबला, याहून वाडीला दुसरा पुरावा नको होता. रवळू आलाच नाही. माहेरी गेली तर बाप मेला होता आणि चुलत्यांनी अंगणातच भाकरी दिली. ती परत आली. तिला शिवेवर, ओढ्याच्या अलीकडच्या काठाला खोपट घालून राहू दिलं. हिरडे गोळा करायचे, सरपण तोडायचं आणि जांबोटीच्या बाजारात विकायचं. वाडीत पाय ठेवायचा नाही. रवळूनं दुसरं लग्न केलं.

दुसऱ्या साली आश्विनात पाऊस लांबला तेव्हा परत हलगी वाजत आली. परत राख, परत सूप. चार-पाच दिवसांनी पाऊस गेला आणि तिला अलीकडं येऊ दिलं. असं दरसाल व्हायला लागलं. पुढं पुढं तर पाऊस वेळेवर सरत असला तरी येत. म्हणायचे, "उगीच कशाला इषाची परीक्षा? घालवून टाकू." पोरं खडे मारायची. ओढ्याला पाणी जास्त असलं तर काठीनं ढकलायचे.

जया दहा-अकरा वर्षांची झाली तेव्हा गुरांमागं येऊन चोरून तिला भेटायला लागली. एकदा तिनं विचारलं, "आई, खरं सांग. तूच पाऊस धरून ठेवतीस?"

"न्हाय गं बाय. माणसाच्या हातात असतंय व्हय त्ये?"

"काकी म्हणती, तूच. मी तिच्यासंगं भांडले."

मालूनं लेकीला जवळ ओढलं. त्या साली खडे तिला दरसालाएवढे झोंबले नाहीत.

जांबोटीच्या शाळेत मारुतीराव म्हणून मास्तर होते, बेळगावचे. मालू त्यांना सरपण घालायची. बाजारात तिच्याबद्दल ऐकून एक दिवस त्यांनीच विषय काढला. नारळाच्या आरपार काडी घातली, काडी जराशी तिरकी धरली आणि अंगणातल्या पेटत्या चुलीभोवती हळूहळू चक्कर मारली.

"ही पृथ्वी, हा विस्तव म्हणजे सूर्य. पृथ्वी अशी कललेली आहे. म्हणून कधी हा भाग विस्तवापुढं येतो, कधी तो. आश्विनात आपल्याकडचं ऊन तिरकं होत जातं, जमीन निवते. समुद्र लवकर निवत नाही. म्हणून वारं उलटतं आणि जमिनीकडनं समुद्राकडं जातं. वारं उलटलं की पाऊस संपला. एखाद्या साली लवकर, एखाद्या साली उशिरा."

मालू नारळाकडं बघत राहिली. "मंजे कुणी काय करू दे न्हायतर न करू दे, त्ये हुणारच?"

"होणारच."

ती तिथंच मातीत बसली आणि रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मास्तर, एवढं आमच्या वाडीत येऊन सांगा. तुमचं ऐकतील."

मास्तर आले. कौलाच्याच दिवशी आले, छत्री घेऊन. भरमूनं त्यांना घोंगडी अंथरून दिली, गूळ-पाणी दिलं. मास्तरांनी नारळ फिरवून दाखवला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं हाय मास्तर," भरमू म्हणाला, "तुमची पृथ्वी फिरतीया. पण ती फिरायची अडली तर ढकलायला कोण तरी लागतंयच की."

लोक हसले. मालू लांब, शिवेच्या दगडापाशी उभी होती. तिनं बघितलं, मास्तरही हसले. मग छत्री उघडून ते जांबोटीच्या वाटेला लागले, आणि हलगीवाल्यानं हलगी शेकायला घेतली. पुढच्या वेळी सरपण न्यायला तिनं दुसरं घर धरलं.

वर्षं गेली. जयाचं लग्न होऊन ती मच्छे गावी गेली. मालू वाकली, केस पांढरे झाले. दरसाल पाऊस सरताना रानातला हिवताप तिला धरायचा. दुसरी लढाई चालू होती, बाजारात तांदूळ मिळेनासा झाला होता, त्या साली भात कापायला आलं आणि पाऊस परत लागला. जया दसऱ्याला म्हणून माहेरी आली होती.

मालू तापानं फणफणून खोपटात पडली होती. हलगी ऐकून ती उठायला लागली. तिला वाटलं, आपल्यालाच न्यायला आलेत. पण हलगी दारात थांबली नाही. पुढं ओढ्याकडं निघाली. तिनं कुडाच्या फटीतनं बघितलं. डोक्यावर सूप घेऊन, तोंडाला राख फासलेली जया चालली होती.

मालू सरपटत बाहेर आली. "हे काय चाललंय?"

अक्काताई म्हणाली, "तुझ्यात दम ऱ्हायला न्हाय आता. तुझं समदं लेकीच्या अंगात उतरलंय. ती आली त्याच दिशी पाऊस लागला. कौलबी तसाच पडलाय."

"आई, सांग की ह्यास्नी," जया ओरडली. "माणसाच्या हातात नसतंय म्हणून सांग की!"

मालूनं लेकीकडं बघितलं. ओढ्याला त्या दिवशी छातीइतकं पाणी होतं आणि जयाला दिवस गेले होते.

"तिच्यात काय न्हाय," मालू म्हणाली. "पाऊस माझ्या हातात हाय. पयल्यापासनं मीच धरून ठेवते. आतासुदिक मीच धरलाय."

हलगी थांबली. भरमू पुढं आला. तोही म्हातारा झाला होता, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. "मग एवढी वर्षं न्हाय न्हाय म्हणत आलीस त्ये?"

"खोटं बोलत आले."

"मानमोडीच्या पुढच्या साली भात कुजलं, त्ये तू केलंस?"

"व्हय."

"माझी पोर मेली, ती?"

मालूची नजर जयाच्या पोटाकडं गेली. भरमूनं परत विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच."

अक्काताईनं खाली वाकून दगड उचलला. तो मालूच्या कपाळाला लागला. कुणी अडवलं नाही. रक्त डोळ्यात उतरलं, त्यातनं तिनं जयाला शोधलं. जयाच्या डोक्यावरचं सूप कुणीतरी उतरवून घेतलं होतं. ती पदरानं तोंडाची राख पुसत होती.

"एवढी वर्षं मी हिच्यासाठी काकीसंगं भांडले," जया म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. आईकडं तिनं बघितलं नाही. ती वाडीकडं वळली आणि चालायला लागली.

"जया," मालूनं हाक मारली. मग तिच्या ध्यानात आलं की आता हाक मारून उपयोग नाही, आणि मारायलाही नको.

तिला उभं राहता येत नव्हतं. दोघा गड्यांनी घोंगडीत घालून तिला ओढ्यापलीकडं नेलं आणि झाडाखाली ठेवलं. सूप उशाला ठेवलं. पाऊस थांबला नाही. तो आठवडाभर पडला. मालू पलीकडं नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती. गुराख्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. वाडीत म्हणाले, मरताना तिनं रागानं पाऊस मोकळा सोडला. त्या साली भात हाताला लागलं नाही.

जया मच्छ्याला परत गेली. तिला मुलगी झाली. ती वाडीला पुन्हा कधी आली नाही. सासरी कुणी आईबद्दल विचारलं तर म्हणायची, मी लहान होते तेव्हाच मानमोडीत गेली.