घोडीच्या पायातली पोती

घोडीवाल्या आत्याचा विश्वास घोडीवर होता, सुनेवर अधूनमधून होता, बाकी कुणावर नव्हता. वरच्या वस्तीचं दूध खाली सडकेला पोचवायचं, हे तिचं तीस वर्षांचं काम. घोडीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन कॅन, पुढे लगाम धरून आत्या. वर गाडी चढत नाही. भरल्या घोडीला जायला-यायला एकच वाट, आणि त्या वाटेवरच घरातली चूल पेटायची.

ती वाट नीट करायला दर रविवारी गावातली पाच-सात माणसं जमू लागली. कोयते, पहारी, घमेली, आणि पुढे निवृत्त मास्तर. त्यांनी झुडपं तोडली, पाण्याला चर काढला, तोवर आत्याची हरकत नव्हती. पण एकदा मास्तर वाटेवर उकिडवे बसून दोरीने घोडीच्या खुरांचे ठसे मोजताना दिसले. आत्याला बघताच दोरी खिशात!

"कुठंतरी पाणी मुरतंय," आत्या घरी येऊन म्हणाली. "नदीकडच्या वाटेवर असंच झालं. आधी मोजमाप, मग पाटी, घोड्यांना मनाई."

"आई, सरळ विचारून बघा ना त्यांना."

"हो, आणि ते सरळ सांगतील!"

दुसऱ्या दिवशी उतारावर चाळलेली राख पसरलेली. आता तर खात्रीच पटली. हे पुरावे गोळा करताहेत. आत्याने जुनी पोती फाडली आणि घोडीच्या चारी खुरांना बांधली.

"पायमोजे छान बसलेत हो," सून म्हणाली. "वीण कुठली?"

आत्याने शेवटची गाठ आणखी घट्ट आवळली. आठवडाभर घोडी मांजरीच्या पावलांनी गेली-आली. राखेत ठसा म्हणून नाही, नुसतं फरफटलेलं.

रविवारी मंडळी राबली आणि सोमवारी सकाळी बघावं तर उतारावर दगडी पायऱ्या. नेटक्या, अरुंद. भरल्या कॅनांनिशी घोडीने पहिल्या पायरीवर पाय टाकला, पण खूर पुरता मावेना. ती फुरफुरली, मागे सरली, दूध डचमळलं. मारूनमुटकून उतरेना. शेवटी सुनेला हाक मारून दोघींनी कॅन डोक्यावर घेऊन खाली नेले, आणि आत्या लांबच्या वळशाने रिकामी घोडी घेऊन थेट मास्तरांच्या दारात.

"झालं तुमच्या मनासारखं? घोडीच बंद करायची होती ना?"

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. "बंद? आत्या, पायऱ्या घोडीच्याच मापाने घालायच्या होत्या! माणूस कसाही उतरतो. म्हणून तर ठसे मोजत होतो, मातीत नीट उमटेनात म्हणून राख टाकली. पण आठ दिवसांत एक ठसा मिळेल तर शपथ! उतार ढासळत चालला, तेव्हा घातल्या माझ्याच पावलाच्या मापाने. उडत जाते काय हो तुमची घोडी?"

"मग मला विचारायचं होतं!"

"मागं एकदा विचारायला आलो होतो. तुम्ही लिदीची पाटी उचललीत, माझ्या अंगावर टाकायला."

आत्याला ती पाटी आठवली. मास्तरांची नजर घोडीच्या पायांकडे गेली, पोत्यांवर थांबली. शहाणा माणूस, त्याने चहाचा कप पुन्हा तोंडाला लावला. आत्या खाली वाकली आणि गाठी सोडू लागली.

दुपारी पायऱ्या उखडल्या, पुन्हा राख पसरली.

"थांबा," आत्या म्हणाली. "कॅनमध्ये पाणी भरा. ओझ्याखाली पाऊल आखूड पडतं."

भरली घोडी राखेवरून गेली. मास्तरांनी खिशातून दोरी काढली.

"एक टोक इकडे द्या," आत्या म्हणाली. आणि ठशाला लावण्याआधी तिने दोरी दोनदा ओढून बघितली, वाढत तर नाही ना.