दारावरची कोरी गादी

मंडळी, परवा आईची तेरवी झाली. आज गाडी धुवायला काढली आणि तिथंच बसून राहिलो.

डोणगावहून बुलढाण्याला दवाखान्यात नेताना खड्ड्यांमुळं आईचं डोकं गाडीच्या दारावर आदळायचं. म्हणून मी दाराला आतून जाड फोम लावून घेतला, वरून पांढरं मखमली कापड. हौसेनं तिला म्हणालो होतो, "कापड भारी हाये आई. डाग पडला त निंघत नाई."

आज पाहतो तर कापड कोरं. चार महिने ती त्याच दाराशी बसली. रोज डोक्याला खोबरेल चोपडणारी बाई, आणि तेलाचा एक डाग नाही?

बायको मागं तिच्याजवळ बसायची. तिला विचारलं.

"आई टेकतच नव्हत्या. म्हणत, तेल लागन. पोरानं हौसेनं लावलं, खराब काऊन करू? साऱ्या रस्त्यानं माहा हात धरून ताठ बसत."

मी गाडी चालवायचो. आरशात ती ताठ बसलेली दिसायची. मला वाटायचं, आज तिला बरं वाटतंय.

तुमची आई गाडीत टेकून बसते का हो? एकदा आरशात नीट बघा.