तुळशीशेजारचं झाड

मार्गशीर्ष सरत आला होता आणि सुलतानपुरात थंडीनं असा जोर धरला होता, की मेथीवरचं दव आठ वाजले तरी हलत नव्हतं. कोकिळा झुंजूमुंजू होताच वावरात उतरली होती. दवातली मेथी उपटली की बोटं बधिर होतात. मग दोन्ही हात काखेत घालून वाफ्याकडेच्या धुऱ्यावर घटकाभर बसायचं, पुन्हा वाफ्यात वाकायचं. तीस वर्षं ती हेच करत आली. पण आज ती बसत होती जास्त आणि उपटत होती कमी. तिचे यजमान वामनराव पलीकडच्या वाफ्यातून दोनदा ओरडले, की अशानं लोणारचा बाजार हुकला. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आज दुपारच्या एसटीनं सून येणार होती.

राखी आरोग्यसेविका. दिवाळी झाली आणि संग्रामपूरला कुणाच्या तरी रजेच्या जागी तिला दोन महिने पाठवलं. जिल्ह्याच्या या टोकाहून पार सातपुड्याच्या पायथ्याशी. जाताना तिनं नवऱ्याची, गोविंदाची, काळजी घ्या असं सांगितलं नाही, त्याची तिला खात्री असावी. सांगितलं ते एका कुंडीचं.

कुंडीतलं झाड होतं वीतभर उंच, अंगानं पसरट. फिक्या हिरव्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी काजळाची बोटं टेकवल्यासारखे गडद ठिपके. दिवसभर पानं आडवी पसरलेली, दिवेलागणीला एकेक उभं राहायचं आणि जोडीला जोड मिळून हात जोडल्यासारखी मिटायची. म्हणून त्याला प्रार्थनेचं झाड म्हणतात, असं राखीनं सांगितलं होतं. फूल नावाला, फळ नाही, भाजी नाही. लग्नानंतर ती हे झाड मांडीवर घेऊन खामगावहून आली तेव्हा कोकिळेनं शेजारच्या आशाबाईजवळ हसून घेतलं होतं, की आमच्या सुनेनं आंदणात पालापाचोळा आणला.

ते हसणं पुढं तिच्याच अंगाशी आलं. राखीची आई लग्नाच्या सहा महिने आधी वारली होती. भावानं भाड्याचं घर सोडलं, भांडीकुंडी वाटली गेली. राखीनं फक्त खिडकीतली ही कुंडी उचलली. दर रविवारी ती ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची, खालून तळहाताचा आधार देऊन, लेकराचं तोंड पुसावं तसं. आई असंच पुसायची, म्हणायची. कोकिळेला हे सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

जाण्याआधी राखीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं. उन्हात ठेवू नका, खिडकीतला पडदा राहू द्या. बोरचं पाणी खारं आहे, फिल्टरच्या कॅनचं घाला. माती बोटानं चाचपून पाहा, वरून सुकली तरच पाणी. कोकिळेनं कागद दोनदा वाचला आणि मिठाच्या बरणीखाली सारला. जिच्या हातच्या वांग्याच्या रोपासाठी लोणारहून माणसं येतात, तिला झाडाला पाणी कसं घालायचं हे कागदावरून शिकायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी सांजेला तिनं पाहिलं, पानं उभी राहून मिटलेली. मिटतात हे ठाऊक होतं, पण इतकी? मिरची तहानली की पानं अशीच गोळा होतात. तिनं बोरचं तांब्याभर गार पाणी ओतलं. सकाळी पाहते तर सगळी पानं पसरून टवटवीत. झालं. औषध सापडलं. रोज सांजेला पानं मिटायची, रोज ती तांब्या ओतायची, रोज सकाळी ती उघडायची. आपल्या हाताला गुण आहे हे तिला पुन्हा एकदा पटलं. पाणी न घालताही ती उघडली असती, हे पाहायला एक दिवस तांब्या पालथा ठेवावा लागला असता. तो काही तिनं ठेवला नाही.

मग मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार आला. आशाबाई आणि गल्लीतल्या सिंधूताई हळदीकुंकवाला आल्या त्या नेमक्या दिवेलागणीला. सिंधूताईंनी खिडकीत पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. माणूस सांगूनही हात जोडत नाही, म्हणाल्या, आन हे झाड आपल्या मनानं जोडू राह्यलं. असं झाड पडद्याआड ठेवतात का? कोकिळेला ते लागलं आणि आवडलंही. कुंडी अंगणात आली, तुळशीशेजारी, भर उन्हात. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका अंघोळ करून तुळशीला पाणी घालायच्या तसं यालाही घालू लागल्या. कुणी हळद, कुणी कुंकू, कुणी चार अक्षता. सांजेला उदबत्ती मातीत खोचायच्या. कोकिळेच्या अंगणात माणसं येऊ लागली, आणि येणाऱ्यांना ती सुनेनं आणलेलं झाड असं न म्हणता आमचं झाड म्हणू लागली.

तिसऱ्या गुरुवारपर्यंत पानांच्या कडा जळक्या कागदासारख्या झाल्या. मातीवर पांढरी खारवट साय आली. पान पिवळं पडलं की युरिया, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून तिनं मूठभर टाकला. चार दिवसांत देठ बुडाशी नासले. बोटानं दाबलं तर पिकलेल्या केळ्यासारखे लागले. आशाबाई म्हणाली, कुणाची तरी नजर लागली. कोकिळेनं मान हलवली आणि कुंडी उचलून न्हाणीमागं नेऊन ठेवली. त्या सांजेला तिनं कागद काढून पुन्हा वाचला. तीनच ओळी होत्या.

राखीचा दोन दिवसांआड फोन यायचा. तब्येत विचारून झाली की हमखास झाडाचं विचारायची. कोकिळा सांगायची, हाव, रोज हात जोडते. झाड न्हाणीमागं गेल्यावरही दोनदा तिनं हेच सांगितलं. मग राखीनं फोटो मागितला. त्या दिवशी फोन कानाला धरून कोकिळा उभी आणि वामनराव समोरून हातानं खुणा करताहेत, अंगणातल्या बकरीकडं बोट दाखवून. त्यांनी हे आधीच सुचवलं होतं. झाड तं मेलंच, बकरीनं खाल्लं म्हणून सांग, तिले कोण विचारते.

कोकिळेनं बकरीचं नाव सांगितलं.

मग राखी म्हणाली, "जाऊ द्या आई. मुकं जनावर ते. तिले मारू नका."

ते ऐकलं आणि कोकिळेच्या हातून भाकरीचं पीठ चार वेळा सैल झालं. सुनेनं शिव्या घातल्या असत्या तर तोंड द्यायला आलं असतं. त्या दिवसापासून बकरीपुढं चारा टाकताना ती दुसरीकडं बघायची, आणि टाकायची मात्र रोजच्यापेक्षा ओंजळभर जास्त. बकरी चांगलीच लठ्ठ झाली.

दुपारी राखी आली. पाय धुतले, चहा घेतला, संग्रामपूरच्या गोष्टी सांगितल्या. वामनराव मेथी घेऊन बाजाराला गेलेले, गोविंदा वावरात. घरात दोघीच. कप खाली ठेवत राखी म्हणाली, "कुंडी तरी ठेवली असल ना?"

कोकिळेनं तिला न्हाणीमागं नेलं. कुंडीत काळे पडलेले सहासात देठ होते, वर वाळकी पानं लोंबत होती. बकरीनं खाल्लं असतं तर पानं उरली नसती, हे कुणालाही दिसत होतं. राखीनं पाहिलं. ती काही बोलायच्या आत कोकिळा बोलली, कारण राखीनं आधी विचारलं असतं तर पुन्हा खोटं निघालं असतं, एवढी तिला स्वतःची ओळख होती.

"बकरीनं नाही खाल्लं. म्या मारलं ते."

मग सगळं सांगितलं. सांजेचा तांब्या, तुळस, गुरुवार, युरिया. आशाबाईचं आणि सिंधूताईंचं नाव मुद्दाम घेतलं नाही. राखी कुंडीजवळ उकिडवी बसून मातीतल्या उदबत्तीच्या काड्या एकेक उपटून बाजूला ठेवत होती.

"कागद वाचला नव्हता का आई?"

"वाचला होता."

"मंग?"

"मले वाटलं, मले येते."

राखीनं मान वर केली नाही. "झाडाचं सोडा. दोन दिवस मी त्या बकरीवर राग धरला. मंग मलेच लाज वाटली, मुक्या जनावरावर काय राग धरते म्हणून. रडली मी तिकडं खोलीत. आन तुम्ही इथं."

तिनं कुंडी आडवी करून माती हातावर घेतली. मुळ्या काळ्या, वास सुटलेला. एकेक देठ ती दाबून पाहत गेली आणि टाकत गेली. शेवटून दुसरा तिनं टाकला नाही. त्याच्या वरच्या अंगाला एक गाठ होती, हिरवी, मुगाएवढी. तिनं नखानं तो देठ गाठीखाली तोडला.

कोकिळा पुढं सरकली. "मी काय करू सांग."

"काही करू नका," राखी म्हणाली.

आवाज चढला नव्हता. कोकिळेनं पुढं केलेला हात पदराला पुसला, हाताला काही लागलेलं नसताना. राखी तो देठ घेऊन आत गेली. कॅनच्या नळाखाली तिनं काचेचा पेला धरल्याचा आवाज आला, मग खिडकीचा पडदा ओढल्याचा. कोकिळा दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडला नाही.

"लागल का ते?"

"माहीत नाही."

एवढंच. आत राखी बॅगेतले कपडे काढत होती. आणखी काही विचारावं असं कोकिळेला फार वाटलं, पण विचारायचं ते सगळं स्वतःसाठीच होतं, सुनेसाठी नव्हतं. ती ओसरीवर आली. तुरीच्या शेंगांची टोपली कालपासून तशीच पडली होती, सांजेच्या भाजीला दाणे लागणार होते. तिनं सूप पुढ्यात ओढलं, टेकून बसली आणि शेंगा सोलायला लागली.