एकच लेन्स घ्यायची होती!

पासपोर्ट फोटो कापले की खाली पांढऱ्या पट्ट्यांचा कचरा पडतो. रोज झाडायचा, संध्याकाळी पुन्हा तेवढाच! आमच्या स्टुडिओतले किस्सेही तसेच. मागच्या लग्नसराईत तर ते एका लेन्सपायी साचले, म्हणून सांगते.

आमचा स्टुडिओ सुरतला, गोडादऱ्यात. गिऱ्हाईक बहुतेक आपलंच, खान्देशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेलं. यांचा खांदा दुखायला लागला तसा कॅमेरा माझ्या हातात आला. सोबतीला माझे धाकटे दीर, संजूभाऊ. यंदा ठरलं, माझ्यासाठी एक लेन्स घ्यायची. लग्नाला चोवीस वर्षं झाली. मिक्सर आला तो घरासाठी, स्कूटी आली ती मुलीच्या क्लाससाठी. फक्त माझी अशी वस्तू पहिल्यांदाच येणार होती! मला तर झोप लागेना.

पण कोणती? झूम की प्राइम? झूम लांबलचक, जागेवर उभं राहून गोल फिरवलं की लांबचा माणूस जवळ येतो. प्राइम एवढीशी, ती जवळ-लांब काही करत नाही, आपणच चालायचं. संजूभाऊ झूमचे, हे प्राइमचे. शेवटी ठरलं, लग्नसराईभर दोन्ही भाड्यानं वापरायच्या आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एक विकत घ्यायची.

यांनी मला फरक समजावला तोच मुळी असा: "झूम म्हणजे जावई. एका जागी बसून सगळं जवळ मागवतो. प्राइम म्हणजे सून. तिलाच उठून जावं लागतं!"

मी म्हटलं, "मग सुनेला विचारा की कोणती हवी!"

 मला विचारायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

* * *

पहिली हळद प्राइमवर. खोली केवढी? एक पलंग, एक कपाट आणि पंचवीस बायका! नवरी अख्खी मावेना, म्हणून मी मागे सरकले. करवल्या मावेनात, अजून मागे. मामी ओरडल्या, "ताई, आम्हाला पण घ्या ना!" अजून एक पाऊल मागे... आणि मी थेट हळदीच्या पातेल्यात बसले!

कॅमेरा मात्र वर धरलेला. त्याला थेंबही लागला नाही!

तशीच पिवळी घरी आले. यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हळद लागलीच आहे, तर मी बाशिंग शोधू का?"

संजूभाऊ खूश. "बघा वहिनी, झूम असती तर एक पाऊल तरी मागे जावं लागलं असतं का?"

* * *

मग चलथाणच्या एका काकांचा निवृत्तीचा कार्यक्रम. मी झूम लावून मंडपाच्या टोकाला उभी. काय मजा येत होती! स्टेजवरच्या साहेबांची मिशी, शेवटच्या रांगेतली जांभई, सगळं जागेवरून! कोणाला पत्ता नाही!

आठ दिवसांनी काका स्टुडिओत आले. तोंड उतरलेलं.

"ताई, मंडपामागचा फोटो का काढला?"

"काका, छान आलाय की! एकदम नॅचरल!"

"नॅचरलच आलाय. तंबाखू मळतोय मी त्यात. घरात सांगितलं होतं की सोडून चार वर्षं झाली!"

मागून काकू आत आल्या. म्हणाल्या, "ताई, हा मोठा करून द्या. फ्रेममध्ये!"

आता हे खूश. "लांबून काढलं की असंच होतं!"

* * *

एकदा पर्वत पाटियाजवळच्या हॉलमध्ये ओवाळायच्या वेळीच लाइट गेली. हातात प्राइम. संजूभाऊ म्हणाले, "वहिनी, बंद करा, अंधारात काय येणार?" पण ही छोटी फार उजेड पिते! निरांजनांच्या उजेडात नवरीचा चेहरा असा आला, असा आला, की मी तिथेच ओरडले, "आला! आला!"

लोकांना वाटलं, नवरदेवच आला! वाजंत्रीवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली!

आणि तो फोटो बघायला गर्दी झाली तेव्हा संजूभाऊ काय म्हणाले असतील? "सेटिंग मीच करून दिलेलं!"

* * *

आखाजी दोन दिवसांवर आली. सुरतेतलंच शेवटचं लग्न. दोन्ही लेन्स सोबत, निर्णय नाहीच. नवरी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, बाकी कसेही काढा, पण माझ्या आजीचा चेहरा दिसेल असा एक फोटो द्या. आमच्या घरात एकही नाही. सगळ्यांत नुसता पदर!"

या ठगूआजी त्यांच्या थोरल्या दिरांपुढे तोंडावरचा पदर काढत नसत. आणि ते, नव्वदीचे दादा, प्रत्येक कार्यात समोर खुर्ची टाकून बसलेले! आजही बसले होते.

संजूभाऊ म्हणाले, "सोपं आहे. झूम लावा, खांबामागून काढा."

काढला. पाणी पिताना पदर जरा सरकला, तेवढ्यात टिपला. सुंदर! धावत जाऊन आजींना दाखवला.

आजींनी पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "चोरून काढलास?"

"हो आजी."

"पुस."

पुसला. नवरीचं तोंड एवढंसं झालं.  मी झूम काढली, खांबामागून डोकावणाऱ्या संजूभाऊंच्या हातात दिली, छोटी लावली आणि आजींच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर, खालीच बसले.

"आजी, आता तुमच्यासमोर बसून मागते. नातीला पाहिजे."

आजींनी त्या एवढ्याशा लेन्समध्ये निरखून पाहिलं. मग पदराच्या आतूनच, आपल्या अहिराणीत, मोठ्यानं म्हणाल्या, "दादाले सांगा व कोनी, तोंड तिकडे करा म्हना! पोर मना फोटू काढी ऱ्हायनी!"

 दादांनी काठी टेकली, उठले, खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. ते फिरले तसे शेजारचे म्हातारे फिरले. मग व्याही फिरले. नवरदेवही फिरला!

आजींनी बोट दाखवलं. "तो खांबामागचा पण!"

संजूभाऊ झूम छातीशी धरून भिंतीकडे वळले. तिकडूनच म्हणाले, "वहिनी, छोटीच घ्या!"

आजींनी पदर मागे टाकला. आणि हसल्या! मी काढतच राहिले.

तेवढ्यात भिंतीकडून दादांचा आवाज आला.

"मनाकरता बी एक काढ व माय! साठ वरीस व्हयनात, मी बी तोंड पाहेल नही!"