मर्व्हचा टेकू

मर्व्ह इबॉट्सनमध्ये एकच खोट होती. तात्पुरतं म्हणून केलेलं काम तो साफ विसरायचा. टास्मानियातल्या आपल्या परसात, पत्र्याच्या शेडमध्ये, वडिलांची मोडकी लाकडी होडी तो कित्येक वर्षं दुरुस्त करत होता. आज तिच्याखाली ट्रेलर सरकवला होता. शेडबाहेर काढली की थेट पाण्यात.

शेजारच्या डगने ट्रेलरला जोडलेली गाडी सुरू केली. होडी हातभर पुढे सरकली आणि अख्खी शेड कण्हली.

"थांब रे डग!" मर्व्हची बायको नोरीन किंचाळली. "छप्पर चाललंय तिच्याबरोबर!"

मर्व्हने वर पाहिलं आणि त्याला आठवलं. होडीवरची केबिन बांधताना शेडचा मधला खांब आड येत होता, म्हणून त्यानेच तो कापला होता आणि छपराच्या तुळईला तात्पुरता केबिनच्या टपाचा टेकू दिला होता. आणखी हातभर ओढली असती, तर छप्पर कोसळून केबिनचा चुराडा झाला असता.

"मी समजत होतो, शेड होडीला सांभाळतेय," डग पुटपुटला. "इथे उलटंच!"

नोरीनने परसातल्या कपडे वाळत घालायच्या खांबाकडे बोट दाखवलं.

"तो उपट आणि लाव इथे. आणि तात्पुरता म्हणालास ना, तर बघ!"